अर्धा किलो काजू

मी गोव्याहून जिंकून आलो की हरून, हे आमच्या घरात काजूवरून कळतं. जिंकलो तर म्हापशातून किलोभर, हरलो तर अर्धा किलो. असा काही नियम मी केला नव्हता. हात आपोआप तसा वागत गेला, आणि माझ्या आधी बायकोच्या ते लक्षात आलं. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. त्यातल्या नऊ वेळा अर्धा किलो. दोनदा किलो आला, पण त्यातला एक तुकडा काजू होता.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. महिन्यातून एका शुक्रवारी शिफ्ट संपली की गाडी काढतो. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, मग घाट उतरून सावंतवाडी, बांदा आणि पणजी. तिथं मांडवीत जी झगमगणारी जहाजं उभी असतात त्यातल्या एकावर जाऊन दोन रात्री पोकर खेळतो आणि रविवारी परत येतो. चार वर्षं हे चाललंय. कुणी ‘कॅसिनोला जातो’ म्हटलं की मला राग येतो. मशीनचा दांडा ओढणारे वेगळे, चाकावर पैसे लावणारे वेगळे, आम्ही वेगळे. हा राग कितपत खरा आहे ते पुढं येईलच.

जेटीजवळच्या पार्किंगमध्ये एमएच-०९, एमएच-१२, केए-२२ आणि गुजरातच्या पाट्या. गोव्याची पाटी दिसली तर ती बहुधा टॅक्सीची. गोव्यात राहणाऱ्यांना कॅसिनोत खेळायला २०२० पासून बंदी आहे. तिथला जुगाराचा कायदा १९७६चा. १९९२ साली त्यात पंचतारांकित हॉटेलांतल्या मशीनना वाट करून दिली आणि १९९६ साली जहाजांवरच्या टेबलांना. गंमत म्हणजे १९७६ सालीच महाराष्ट्रानंही कॅसिनोचा कायदा केला होता. तो एक दिवसही लागू झाला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. नाहीतर मला घाट उतरावा लागला नसता. बायकोच्या मते, तेवढं एक काम सरकारनं चांगलं केलं.

पोकर म्हणजे तीनपत्तीचा शिकलेला भाऊ, असं मी आईला सांगतो. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे. मग मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक टर्न, शेवटचा रिव्हर. सातातले चांगले पाच ज्याचे, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे. पैसे जहाजाविरुद्ध लावायचे नसतात, टेबलावरच्या बाकीच्या आठ जणांविरुद्ध लावायचे असतात. जहाज प्रत्येक पॉटमधून आपला काप उचलतं, त्याला रेक म्हणतात. त्यामुळं त्या टेबलाभोवती कधीच न हरणारं एकच आहे, आणि ते खेळत नाही.

टेबलावर सगळे ‘स्पेड’, ‘हार्ट’ म्हणतात. माझ्या डोक्यात मात्र अजून इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती. मेंढीकोट आणि झब्बू खेळत वाढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार.

मार्चमधला एक डाव सांगतो. एकच सांगेन. हरणाऱ्या खेळाडूकडे अशा गोष्टींची पोतडी असते आणि ती उघडली की आवरत नाही. दुसऱ्याची बॅड बीट, म्हणजे जिंकत आलेला डाव शेवटच्या पत्त्यावर कसा गेला ते, ऐकणं म्हणजे दुसऱ्याचा मूतखडा ऐकणं. समोरचा मान हलवतो, पण तो फक्त तुमचं संपायची वाट बघत असतो, कारण त्याचा खडा तुमच्यापेक्षा मोठा होता.

टेबल शंभर-दोनशेचं. म्हणजे दर डावाला दोघांनी सक्तीनं लावायची रक्कम, छोटा ब्लाइंड शंभर आणि मोठा दोनशे, आणि वीस हजार घेऊन बसायचं. मला दोन अठ्ठ्या आल्या, किलवर आणि चौकट. मी आठशे केले, दोघं आले. फ्लॉप आला इस्पिकचा राजा, बदामची अठ्ठी, इस्पिकची तिर्री. माझ्या तीन अठ्ठ्या झाल्या. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा सोबती मिळणं साडेआठ वेळांत एकदा होतं. माझ्या वेगानं असा योग एखाद्या रात्रीत येतो किंवा नाही. मी दोन हजार लावले. एक पोरगा गळाला, समोरचे पांढऱ्या शर्टातले गुजराती काका राहिले. टर्नला चौकटची राणी. मी पाच हजार लावले. काकांनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडं नाही, आपल्या चिप्सकडं बघितलं आणि सगळ्या पुढं ढकलल्या. मी तिथल्या तिथं कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. त्यांनी पत्ते उलटले, इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची पंजी. त्यांना पाचवं इस्पिक हवं होतं, पाचही इस्पिकं झाली की माझ्या तीन अठ्ठ्या हरतात.

न दिसलेले पत्ते चव्वेचाळीस. त्यात इस्पिकं नऊ. पण त्यातली अठ्ठी आली तर माझ्या चार अठ्ठ्या, राणी आली तर माझं फुल हाउस, तीन अठ्ठ्या आणि दोन राण्या, आणि दोन्ही त्यांच्या पाच इस्पिकांवर भारी. म्हणजे काकांचे पत्ते सात, माझे सदतीस. पॉट एक्केचाळीस हजारांचा. डीलर मुलीनं वरचा पत्ता बाजूला टाकला, पुढचा उलटला.

इस्पिकची दुर्री.

मेंढीकोटात जिला कुणी विचारत नसे ती दुर्री. काका हात जोडून ‘सॉरी भाई’ म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तेच जास्त लागलं. मी ‘वेल प्लेड’ म्हणालो. ते वेल अजिबात नव्हतं. मी उठून डेकवर गेलो. समोर पणजीचे दिवे, खाली भरतीचं पाणी, वरच्या मजल्यावर कुठल्यातरी हिंदी गाण्यावर नाच चाललेला. तिथं उभं राहून मी जे केलं ते चार वर्षांत पहिल्यांदा केलं. खिशातून दुसरे वीस हजार काढून मोजले. मोजायची काही गरज नव्हती.

अशा मालिकेत एका रात्रीचं दुःख फारसं राहत नाही. ते सावंतवाडीपर्यंत उतरतं. राहतं ते वेगळंच, आणि ते खेळाबाहेर गळतं. ऑफिसात एखादा निर्णय घ्यायचा असला की मनात येतं, आपलं डोकं सध्या बरोबर चालत नाहीये. मुलीच्या ॲडमिशनची लॉटरी लागली नाही तेव्हा मी मनात म्हणालो, लागणारच नव्हती, मी फॉर्म भरला होता ना. आणि टेबलावर तर मी अंधश्रद्धेचा सगळा अभ्यासक्रम पूर्ण केला. पाच नंबरची खुर्ची नको. डीलर बदलला की एक डाव सोडायचा. निळा शर्ट नको. एक ओळखीचा नेहमीचा खेळाडू आहे, शिकलेला, इंजिनियर. तो डीलरवर राग काढतो, ‘तुझ्या हातात मला पत्ताच येत नाही’ म्हणतो. ईशान्येकडची किंवा नेपाळची ती पोर, अर्ध्या तासानं टेबल बदलणारी, रात्रभर पत्ते वाटणारी, हसून ‘सॉरी सर’ म्हणते. मी तसं कधी बोललो नाही. पण मनात बोललोय, आणि टिप देताना हात आखडलाय. काजूचंच दुसरं रूप.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण तिथंच माझी खरी नाचक्की आहे. फाउंड्रीत माझं काम म्हणजे कास्टिंग, साच्यात ओतून केलेला भाग, का रिजेक्ट झालं ते शोधणं. ब्लो होल आला, वाळू पडली, श्रिंकेज झालं. नवीन सुपरवायझर आला की तो काय करतो? एका हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका खेपेत, चार पीस वाईट निघाले की वाळूतलं पाणी कमी करतो. पुढच्यात पाच निघाले की वाढवतो. मग ओतण्याचं तापमान बदलतो. मी त्याला चार्ट दाखवतो. वर एक रेघ, खाली एक रेघ, मध्ये ठिपके. रेघांच्या आत ठिपके नाचणारच, त्या नाचण्याला प्रत्येक वेळी उत्तर देत बसलास तर ते दुप्पट नाचतील. दर वर्षी हे शिकवतो, पावभाजी मागवून.

आणि जहाजावर मी तोच सुपरवायझर झालो होतो. दुर्रीनंतरच्या फेरीत चांगला पत्ता आला की घाबरून एवढी मोठी रक्कम लावायचो की सगळे गळायचे आणि शंभर-दोनशे घेऊन बसायचो. मग चिडून पुढच्या वेळी पत्ता लपवायचो, स्वस्तात बघू द्यायचो, आणि कुणाचं तरी स्ट्रेट, ओळीनं पाच पत्ते, लागायचं. दर फेरीला नवा माणूस खेळायला बसत होता. ते सगळे माझ्याच पैशानं.

यातला छळणारा प्रश्न असा की मी कमनशिबी आहे की कच्चा? आणि बसून खेळायच्या पोकरमध्ये या प्रश्नाचं उत्तर मिळायला आयुष्य पुरत नाही. जहाजावर तासाला अठ्ठावीस-तीस डाव होतात. पत्ते पिसायचे, वाटायचे, कुणीतरी विचार करत बसतो, कुणाचं पाणी सांडतं. दोन रात्रींचे बारा-तेरा तास म्हणजे साधारण साडेतीनशे डाव. अकरा फेऱ्यांचे मिळून चार हजारांच्या आत-बाहेर. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, तोवर मोबाइलवर चार-चार टेबलं एकदम उघडून तासाला पावणेतीनशे डाव खेळणारी पोरं होती. त्यातली काही आता जहाजावर येतात, कानात हेडफोन, तोंडावर काही नाही. त्यांच्यातल्या एकाला मी माझी अकरा महिन्यांची रडकथा सांगितली. त्यानं विचारलं, ‘किती हॅण्ड?’ मी म्हणालो, चार हजार. तो म्हणाला, ‘अंकल, ते तर दोन रात्रींचं झालं.’

उर्मट नव्हता. हिशेब बरोबर होता.

घरी येऊन मी तो हिशेब पुरा केला, ऑफिसच्या चार्टसारखा. मी स्वतःला जेवढा बरा समजतो तेवढा बरा असेन, म्हणजे शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड, आमच्या टेबलावर हजार रुपये कमावणारा, तर चार हजार डावांत मी चाळीस हजार वर असायला हवा. पण या खेळाचा हेलकावा, म्हणजे नुसत्या नशिबानं होणारी वर-खाली, मोठा. शंभर डावांमागे तो नव्वद ब्लाइंडचा धरला, तर चार हजार डावांचा हेलकावा १ लाख १४ हजारांच्या घरात जातो. कमाईच्या जवळजवळ तिप्पट. मी खाली होतो १ लाख ६० हजार. म्हणजे माझ्यासारखे शंभर बरे खेळाडू बसवले, तर त्यातल्या चौघांच्या वाट्याला एवढी किंवा याहून वाईट दशा येणारच, त्यांची काही चूक नसताना. हे वाचून मला फार बरं वाटलं. चौघांतला मी.

मग सवयीनं दुसरी बाजू काढली. मी मुळात कच्चा असेन, शंभर डावांमागे दहा ब्लाइंड गमावणारा, तर? मग शंभरातल्या चोवीस जणांची ही दशा होईल. चार आणि चोवीस. कुठल्याही सप्लायरचा माल या आकड्यांवर माझ्याकडं आला असता तर मी काय शेरा मारला असता, ते मला ठाऊक आहे.

पेन ठेवून चहा करायला गेलो. चहा करताना आठवलं की पहिल्या तीन वर्षांत मी २ लाख १० हजार वर होतो. त्या तीन वर्षांत मी हा हिशेब एकदाही केला नव्हता. तेव्हा हेलकावा नव्हता, अभ्यास होता. रिव्हरला इस्पिक नको असताना आलं नाही तेव्हा तो पत्ता कुणी नाकारला होता? तेव्हा किती काका हात चोळत डेकवर गेले असतील. मला त्यातल्या एकाचाही चेहरा आठवत नाही, आणि माझी वही म्हणते की ते होते, कारण रकमा तिथं आहेत.

वहीबद्दल सांगायचं राहिलं. शंभर पानी, लाल कव्हरची, दिवाळीत दुकानदार पूजेला घेतात तसली. प्रत्येक फेरी, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, अधे-मध्ये तासातासाला समोर किती चिप्स ते. आणि उजव्या पानावर शेरे. या वर्षीचे शेरे वाचले तर एखाद्या वकिलानं लिहिल्यासारखे. दुर्रीचा डाव पाऊण पान. राजाची जोडी एक्क्यांच्या जोडीवर आपटली त्याला अर्धं पान (यात माझी काय चूक होती, सांगा). पण गोष्टी झालेल्या अशा सगळ्या डावांची बेरीज केली तर ती ९५ हजारांच्या आसपास भरली. उरलेले ६५ हजार कुठं गेले? त्यांना गोष्टच नव्हती. ‘बघू तरी’ म्हणून केलेला दोन हजारांचा कॉल. जोडी छोटी आहे हे कळत असून टाकवली नाही ती. पाचशे, बाराशे, नऊशे. नळाच्या वायसरमधून ठिबकतं तसं.

मग वेळेप्रमाणं वेगळं केलं. कास्टिंग रिजेक्शन आम्ही शिफ्टवार काढतो, तसं. रात्री बाराच्या आधी उणे १८ हजार. बारानंतर उणे १ लाख ४२ हजार.

हे बघून मी बराच वेळ तसाच बसलो. पहिला विचार पळवाटेचाच आला: पहिल्या शिफ्टपेक्षा रात्रपाळीला रिजेक्शन जास्त असतंच. दुसरा विचार त्याहून वाईट होता. उठल्याच्या वेळा बघितल्या. जिंकत असलो की मी साडेअकराच्या फीडर बोटीनं किनाऱ्याला. थोडेसे पैसे घट्ट धरून, जसं काही कुणी हिसकावून घेईल. हरत असलो की पहाटेचे तीन, साडेतीन. म्हणजे बारानंतरचे माझे साठेक तास जवळजवळ सगळे हरणाऱ्या माणसाचे तास होते. चांगल्या दिवशी चार तास खेळणारा आणि वाईट दिवशी आठ तास खेळणारा माणूस. पत्त्यांना घड्याळ कळत नाही. मी पिचलोय हे कुणाला कळत असेल तर ते हेडफोनवाल्या पोरांना.

पण इथंही मला खात्रीनं बोलता येत नाही. साठ तास म्हणजे सतराशे डाव. तेवढ्यात काय सिद्ध होतं? काहीच नाही. आणि एक कबुली: डिझेल, टोल, पणजीतला लॉज, जेवण, टिपा आणि काजू हे वहीत कधीच नव्हते. फेरीला साडेसहा हजार धरले तरी अकरा फेऱ्यांचे ७१ हजार ५००. ‘ते तर फिरायला गेल्याचे’ असं मी म्हणायचो. कुठं फिरलो? चार वर्षांत मी पणजीची चर्च आतून बघितलेली नाही.

आईचं मत या सगळ्यापेक्षा सोपं आहे. ‘तुझ्या काकाचा हात आलाय तुला.’ काका गावाकडं यात्रेत तीनपत्तीला बसायचा. एका वर्षी उसाचं बिल आलं त्या आठवड्यात बसला आणि उठला तेव्हा बिल नव्हतं. त्यानं जमीन विकली नाही, बाई-बाटली काही नाही, कथेत होतं तसं काही झालं नाही. फक्त त्या वर्षी चुलतबहिणीचं लग्न पुढं ढकललं आणि काकू त्याच्याशी जेवणाव्यतिरिक्त बोलेनाशी झाली, ती कित्येक वर्षं. मी आईला सांगतो, माझे पैसे वेगळे असतात, वर्षाला ठरलेली रक्कम, ती संपली की वर्ष संपलं. हे खरं आहे, मी ते मोडलेलं नाही. आई म्हणते, काकापण असंच काहीतरी म्हणायचा.

सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली रमीबद्दल म्हटलं की तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीनपत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नव्हे. पोकर कुठल्या खात्यात घालायचा यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी पडली आहेत. मी पूर्वी यावर तावातावानं बोलायचो. आता वाटतं, कोर्टानं आधी विचारायला हवं, किती डावांपुरतं? एका डावात नशीब सगळं आहे. लाख डावांत कौशल्य जवळजवळ सगळं आहे. मी माझ्या वेगानं लाख डाव खेळायला तेवीस-चोवीस वर्षं लागतील. मी चव्वेचाळीसचा आहे. निकाल हाती येईल तेव्हा चष्म्याचा नंबर काय असेल कुणास ठाऊक.

आजी नळराजाची गोष्ट सांगायची. आम्हाला त्यातला हंस आवडायचा. मला आता आठवतो तो मधला भाग. सगळं हरून बसलेला नळ बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ हाकत असतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण धावत्या रथातून नुसता बघतो आणि पानं किती, फळं किती सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून, घाई असताना, फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग दोघं विद्यांची अदलाबदल करतात, घोड्यांची याची, फाशांची त्याची. त्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे असत हे मला फार नंतर कळलं. म्हणजे ज्यानं बुडवलं त्याच झाडाखाली बसून मोजायला शिकला. आजी हे सांगताना ‘मोजलं’ या शब्दावर जोर द्यायची की माझी आठवण आता जोर देतेय, सांगता येत नाही. आणि हेही खरं की पुष्करशी दुसरा डाव नळ एकदाच खेळला, आणि जिंकला. नळाला नमुना लहान आहे असं कुणी म्हणालं नाही.

या महिन्यात बारावी फेरी. आंबोलीत पाऊस लागला होता, समोरचं काही दिसत नव्हतं, धबधब्यापाशी गाड्यांची रांग. जाताना एवढंच ठरवलं होतं: बारा वाजता उठायचं. वर असो, खाली असो. खुर्ची मिळाली ती नेमकी पाच नंबरची. बसलो.

बाराला दहा कमी असताना मी ६,४०० खाली होतो. काही झालं नव्हतं. तीन तासांत एकदा एक्का-राजा आला, त्यावर सगळे गळाले. डावीकडं एक नवरदेवाच्या मित्रांचं टोळकं येऊन बसलं, तिघं प्यालेले, पत्ते न बघता पैसे लावणारे. हेडफोनवाल्यानं कानातला एक हेडफोन काढला, एवढा तो खूश झाला. असं टेबल महिन्यात एखाद्या वेळी मिळतं. उठायचं म्हणजे पंगतीत वाढायला सुरुवात झाल्यावर पानावरून उठायचं. मी बारा वाजून दोन मिनिटांनी उठलो. तो ‘अंकल, आत्ता?’ म्हणाला. मी चिप्स गोळा केल्या. बोटीत मी एकटा आणि दोन वेटर होते, ड्यूटी संपलेले. एकजण कोकणीत फोनवर कुणाशी तरी भांडत होता. लॉजवर येऊन झोप लागली नाही. अडीच वाजेपर्यंत मी मनात त्या टेबलावर बसून त्या नवरदेवाच्या मित्रांकडून पंचेचाळीस हजार जिंकले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलोच नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. पाऊस होता हे एक कारण झालं. गाडी काढली आणि म्हापशात थांबलो. दुकानदारानं मला बघून न विचारताच अर्ध्या किलोचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

मी म्हणालो, ‘किलो द्या.’

त्यानं भुवया उंचावल्या, हसला, दुसरं पाकीट काढलं आणि अभिनंदन केल्यासारखा मला मूठभर खारवलेले काजू खायला दिले. ते खात मी बांद्यापर्यंत आलो.

घरी बायकोनं पिशवी उचलली आणि वजन हाताला लागताच थांबली.

‘जिंकलात?’

‘नाही. सहा हजार चारशे गेले.’

‘अहो, मग हे एवढे?’

मी बूट काढत होतो. लेस ओली होऊन गाठ बसली होती, ती सुटेना. ती थोडा वेळ उभी राहिली, मग आत गेली. काजूचा डबा अर्ध्या किलोचाच आहे. उरलेले तिनं पातेल्यात ओतल्याचा आवाज आला, आणि वर ताटली ठेवल्याचा.